आबदारसाहेबांची निजलेली बाटली

आम्हाला ती जागा मिळाली ती चालून दाखवल्यावर. गंमत नाही करत, खरंच चालून. तुकोगंजात मागच्या गल्लीत एक छोटं दुमजली घर होतं. खाली मालक-मालकीण, वर दोन खोल्या रिकाम्या. ह्यांनी भाड्याचं विचारायला तोंड उघडलं, तर मालकांनी हात वर केला. म्हणाले, "ते मग बघू. आधी दोघं वर जा आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा. मी खाली कान देऊन बसतो."

मी नवी नवरी, धारहून येऊन फार दिवस नव्हते झाले. वाटलं, इंदुरात अशीच पद्धत असेल. वर गेलो, चाललो. ह्यांची चाल मुळातच मांजराची, आणि माझ्या अंगावर तेव्हा होतं काय, वारा आला तर पदर धरण्याऐवजी मलाच धरावं लागे. खाली आलो तर मालक खुशीत. "दोघंही पास. याआधी एक मिलवाले बाबू आले होते. माणूस भला, पण टाचा आपटत होता. नाही म्हणून सांगितलं." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "वो क्या है सूनबाई, खाली ती निजलेली असते."

मला वाटलं, घरात कोणी आजारी असेल बिचारी. मी हळहळून विचारलंसुद्धा, "काय होतंय त्यांना?" तर मालकीणबाई आतून पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "तिला काय होणार आहे? बाटली आहे ती. या, माझी सवत दाखवते."

मधल्या खोलीत, जिथे ऊन कधी पोचत नसे, तिथे पाण्याची घडवंची होती. वर माठ, आणि खाली लाकडाच्या खोक्यात वाळू. माठ पाझरत, वाळू ओली राही. त्या गार वाळूत आडवी, गळ्यापर्यंत पुरलेली, एक काळपट हिरवी बाटली. कागदी लेबल भिजू नये म्हणून तिला मेणकापड गुंडाळलेलं. मालक खाली बसले, वाळूत हात घातला आणि डोळे मिटून जरा थांबले. तापलेल्या मुलाचं कपाळ बघतात ना, तसे. म्हणाले, "ठीक आहे." हे ते रोज सकाळ-संध्याकाळ करत, हे मला पुढे कळलं.

तर असे आमचे आबदारसाहेब. नाव त्यांना होतं, पण गल्लीत ते कुणी घेत नसे. आबदार म्हणजे संस्थानात पिण्याच्या सगळ्या चिजांचा मुखत्यार. गंगेच्या पाण्यापासून ते विलायती दारूपर्यंत सगळं त्याच्या किल्लीखाली. यांनी उभी हयात त्या खात्यात काढली होती. पुढे संस्थानं गेली, मध्यभारत झालं, आणि वाड्यावरच्या जुन्या माणसांना आठवण म्हणून एकेक वस्तू मागून घ्यायची मुभा मिळाली. यांनी बाटली मागितली. काकू, म्हणजे मालकीणबाई, ते दुःख मला पहिल्या आठवड्यातच सांगून मोकळ्या झाल्या. "लोकांनी घड्याळं आणली, गालिचे आणले, एकानं तर अख्खं झुंबर आणलं. आमच्याकडे हे ध्यान आलं. पेटता पेटत नाही, वाजता वाजत नाही. नुसतं निजून राहिलंय!"

आणि खरी मजा पुढेच आहे. आबदारसाहेबांनी जन्मात कधी दारूचा थेंब चाखला नव्हता. नोकरी लागली तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना देवापुढे उभं केलं आणि शपथ घातली, की बाबा रे, दुसऱ्याला पाजशील ती पाज, तुझं पोट आहे त्यावर, पण तुझ्या ओठाला लागता कामा नये. ती शपथ त्यांनी पाळली. फक्त वासाचं काय, एवढी एक शंका त्यांनी एका शास्त्रीबुवांना विचारून घेतली होती. शास्त्रीबुवा म्हणाले, वास आपोआप येतो, त्याला दोष नाही. तो आपोआप येणारा वास आबदारसाहेब म्हणे डोळे मिटून इतका वेळ घेत, की शिपायाला वाटे साहेबांना झोप लागली.

ती सवय पुढे घरभर पसरली. माझा चहा ते लांबूनच हुंगत आणि म्हणत, "आज पान जास्त उकळलं, सूनबाई." माठातलं पाणी पितानाही फुलपात्र आधी उजेडाकडे धरत, मग नाकाशी, आणि मग एक घोट. "नगरपालिकेच्या नळाचं आहे ते, हुंगताय काय!" काकू ओरडत. त्यांना फरक पडत नसे. आंब्याच्या दिवसांत तर त्यांना बाजारात न्यायची सोय नव्हती. एकेक फळ हुंगून ते परत ठेवून देत आणि भाजीवाली म्हणे, "बाऊजी, लेणो है के आशीर्वाद देणो है?"

बाटलीच्या भाषेत ते सगळं जग मोजत. आडवं आहे त्याला उठवू नये, हे त्यांचं एक आवडतं वाक्य. ते झोपलेल्या मांजरालाही लागू होई आणि रविवारी दुपारी घोरणाऱ्या ह्यांनाही. एकदा आमचं दोघांचं वरती चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरायला खाली आले तर म्हणाले, "सूनबाई, बूच काढलं की लगेच ओतू नये. जरा वारा लागू द्यावा. मग तीच बाटली गोड लागते." दुपारपर्यंत राग गेला तो गेलाच, पण भिंतींना किती कान आहेत तेही कळलं.

बाटलीपायी आम्ही सोसलंही खूप हं. खलबत्ता वर वाजवायचा नाही, मागच्या अंगणात न्यायचा. शिवणयंत्राखाली गोधडीची चौघडी. दूधवाला जवळच्या कुठल्या खेड्यातून येई, त्याला कुणी तरी सांगून ठेवलं होतं की मधल्या खोलीतल्या बाटलीत काही तरी कोंडलंय. तो बिचारा कॅन असा अलगद टेकवी, आणि मला हळूच विचारी, "बाईसाब, इमें जिन्न है कंई?" मी म्हणे, "जिन्नच आहे भिया, फ्रेंच जिन्न." रंगपंचमीला तर आबदारसाहेब ढोल येण्याआधी खोक्याभोवती गाद्या रचून स्वतः पाठ लावून बसत.

असं काय होतं त्या बाटलीत? मी एकदा मटार सोलता सोलता विचारलं. मग त्यांनी टोपली जवळ ओढली आणि तेही सोलायला बसले, म्हणजे गोष्ट लांबणार.

"गहू बघ. माळव्यात दरसाल पिकतो. पण एखादं साल असं येतं, की पोळी तव्यावर पडली की शेजारीण विचारते, आज काय करून राहिलात? खरं ना? तसंच ते. फ्रान्सात बोर्दो म्हणून मुलूख आहे. तिथे नदीकाठी एक लहानसा मळा, खडेच खडे. त्या साली पाऊस पडायचा तेव्हाच पडला, ऊन पडायचं तेव्हाच पडलं. द्राक्ष इवलंसं राहिलं आणि सगळी ताकद त्या दाण्यात उतरली. असलं साल पुन्हा आलं नाही. विलायतेतले जाणते त्या सालाचं नाव घेताना आवाज खाली आणतात. आणि हे बघ, नुसतं साल चांगलं असून चालत नाही. मग तिला झोप लागते. अंधार, गारवा आणि कुणी हलवायचं नाही. वर्षानुवर्षं. त्या झोपेत ती आतल्या आत बदलते. तिखटपणा जातो, गाळ खाली बसतो. ज्यांच्याकडे होत्या ते घाईनं पिऊन बसले. आता दुनियेत उरल्यात किती? एक तर आपल्या घडवंचीखाली आहे."

"पण तुम्ही तर चाखली नाही. मग तुम्हाला कसं कळलं?"

ते म्हणाले, "वाड्यावर एक फ्रेंच जवाहिऱ्या आला होता. बडबड्या, हातवारे करणारा. हिचीच बहीण असलेली बाटली मी त्या रात्री उघडली. त्यानं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. बोलणं बंद. बघतो तर डोळ्यांत पाणी. मी सरकारांचा पेला भरत होतो, तो अर्ध्यातच राहिला. सरकारांनी विचारलं काय झालं, तर म्हणाला, काही नाही, घर आठवलं." आबदारसाहेबांच्या हातात मटारची शेंग तशीच होती. "तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय, सूनबाई. असं काय असेल त्या घोटात, की परमुलखात बसलेल्या माणसाला घर आठवावं?"

काकू आतून ओरडल्या, "मटारातसुद्धा असतं ते! लवकर सोला, उसळ टाकायचीय."

त्यांचे कायदे कडक होते. उघडण्याआधी दोन दिवस ती हळूच उभी करून ठेवायची, म्हणजे गाळ खाली बसतो. याला ते 'तिला नोटीस देणं' म्हणत. काचेखेरीज कशात ओतायची नाही. आणि तिच्यात काही म्हणजे काही मिसळायचं नाही. एकदा म्हणे वाड्यावर आलेल्या एका पाहुण्या राजानं या क्लॅरेटमध्ये, म्हणजे बोर्दोच्या लाल दारूत, सोडा मागितला. आबदारसाहेब हात जोडून म्हणाले, "हुजूर, सोडा संपला." आणि त्यांच्या पाठीमागेच सोड्याच्या पेट्या रचलेल्या! नोकरी जायची ती सरकार हसले म्हणून राहिली. ही हकिकत सांगताना ते तेव्हाही तसेच ताठ उभे राहत.

मी विचारी, "मग आपली उघडणार कधी?"

"माणूस आल्यावर."

"कोणता माणूस?"

"तो आला की कळेल."

माणसं येत. कुणी सेठ येई, कुणी वाड्याच्या नात्यातलं येई. बाटली बघत, हळहळत, जात. यात एकदा आमच्यावरच बेतलं होतं. मध्यभारत सरकारची राजधानी तेव्हा उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर अशी फिरती होती. हे सेक्रेटरिएटात. उन्हाळ्यात सरकार इंदुरात आलं तसे ह्यांचे बडे साहेबही आले. त्यांना कुठून तरी बाटलीचं कळलं. एक दिवस संध्याकाळी स्वतः गाडी घेऊन दारात हजर! ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेब वेताच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "बघू तर तुमची ती फ्रेंच चीज."

आणि आश्चर्य म्हणजे आबदारसाहेब नाही म्हणाले नाहीत. जरा पुढे झुकून त्यांनी विचारलं, "साहेब कशी घेणार?"

"कशी म्हणजे? बर्फ टाकून. या गर्मीत आणखी कशी?"

झालं. आबदारसाहेबांचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. ते आत गेले. मी आणि काकू दाराआड एकमेकींचे हात धरून उभ्या. बऱ्याच वेळानं ते तबक घेऊन बाहेर आले. वर लखलखीत, उंच दांडीचा विलायती पेला, आणि त्यात केशर घातलेलं कैरीचं पन्हं. बर्फ भरपूर.

साहेबांनी घोट घेतला. "अहो, ही तर कैरी!"

"होय साहेब. बर्फ हिलाच शोभतो."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला तर ह्यांची बदली शिवपुरी-भिंडच्या कुठल्या कोपऱ्यात होणार हे स्पष्ट दिसायला लागलं. पण साहेब खो खो हसले आणि दुसरा पेला मागितला. गाडी गल्लीबाहेर गेली तेव्हा काकू देवापुढे साखर ठेवायला पळाल्या. आबदारसाहेब मात्र मधल्या खोलीत वाळूत हात घालून बसले होते. "बर्फ म्हणे, बर्फ," एवढंच आपल्याशी पुटपुटत होते.

त्याच हिवाळ्यात काकू आजारी पडल्या.

हे ग्वाल्हेरला फायलींबरोबर गेलेले. घरात आम्ही तिघंच. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. काकूंचं सोवळं कडक, थंडीतसुद्धा पहाटे गार पाण्याची अंघोळ. खोकला झाला, मग ताप, मग डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया. तुकोगंजातलेच डॉक्टर, रोज येऊन इंजेक्शन देत. ताप उतरला. आम्हाला वाटलं, सुटलो. पण काकू काही उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. पेज नेली की ओठ घट्ट. दूध नेलं की मान फिरवायची. बोलत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. काकू आणि ओरडत नाहीत! मला त्या शांततेचीच भीती वाटायला लागली.

आबदारसाहेब उशाशी स्टूल टाकून बसलेले. चहा दिला तर हुंगत नव्हते, तसाच पीत होते. मी पाणी भरायला मधल्या खोलीत गेले तर माठ कोरडे आणि खालची वाळू पांढरी पडलेली. त्यांनी दोन वेळा हात घालायचा नेम मोडला होता. मी माठ भरले. म्हटलं, या माणसानं आशा सोडली का काय?

त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या खोलीत घेतलं. म्हणाले, "औषधाचं काम झालंय, आबदारसाहेब. आता पोटात अन्न गेलं पाहिजे. असेच आणखी काही दिवस गेले, तर माझ्या हातात काही राहणार नाही. भूक लागायला थोडी रेड वाइन देऊन बघा, संध्याकाळी दोन-दोन चमचे. महूला छावणीच्या दुकानात मिळते. टॉनिक समजा."

आतून काकूंचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. क्षीण, पण काकूंचाच. "नाल्यात ओता ती! जन्मभर स्वयंपाकघरात शिवू दिली नाही, आता मरताना तोंड बाटवू?"

डॉक्टर मान हलवत गेले. आबदारसाहेब दारात तसेच उभे. मग वळले आणि मधल्या खोलीत जाऊन घडवंचीपाशी बसले. खरं सांगते, मला राग आला. संताप आला. बायको त्या अवस्थेत आणि यांना वाळू सुचते! मी काही तरी बोलणारच होते. तेवढ्यात त्यांनी दोन्ही हातांनी बाटली वाळूतून उचलली, उपरण्यानं पुसली आणि काकूंच्या खोलीत नेली.

काकूंनी मान वळवली. बाटली बघितली. "अहो, ही कशाला काढलीत?"

"तुझ्यासाठी."

"वेड लागलं का तुम्हाला? राजेलोक आले, साहेबलोक आले, कुणाला हात लावू दिला नाहीत. मला काय कळतंय त्यातलं?"

आबदारसाहेब स्टुलावर बसले. बाटली मांडीवर. म्हणाले, "माणूस यायची वाट बघत होतो. तू घरातच होतीस, म्हणून लक्षात नाही आलं."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं, ते पुसायला हात उचलायचीही ताकद नव्हती. मी पदरानं पुसलं. माझेही वाहतच होते. मग काकू हळूच म्हणाल्या, "पण तिला नोटीस कुठे दिलीत? दोन दिवस उभी ठेवावी लागते ना?"

बघा! इतकी वर्षं नाक मुरडून त्यांनी एकूण एक कायदा ऐकला होता.

"खड्ड्यात गेली नोटीस," आबदारसाहेब म्हणाले.

दिवेलागणीची वेळ होती. गाळ दिसायला बाटलीच्या गळ्यामागे उजेड लागतो, म्हणून मी देवघरातलं निरांजन धरून उभी राहिले. त्यांनी कपाटातून वाड्यावरचा बूच काढायचा स्क्रू काढला. बूच अर्ध्यात तुटलं. त्यांच्या तोंडून "हाय हाय" असं निघालं. उरलेलं बूच आत गेलं, तर काकूंच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा वाटीवर धरून त्यातून गाळली. काचेचा पेला कपाटातच राहिला. जी हाताशी सापडली ती औषधाची वाटी घेतली होती त्यांनी.

आणि मग मला दुसरीच धास्ती पडली. ही इतक्या वर्षांची. आत नासली असेल तर? यांनी जन्मभर सांगितलेलं सगळं आंबून गेलं असेल तर? मग बायकोला काय पाजणार, आणि स्वतः कशावर उभे राहणार? त्यांनाही तेच वाटलं असावं, कारण वाटी नाकाशी न्यायला हात उठेना. शेवटी नेली. डोळे मिटले. मी निरांजनाची वात पुढे सारली.

डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी होतं. "जिवंत आहे," ते म्हणाले. "अगं, जिवंत आहे!"

मला इतकं हायसं वाटलं, की मी निरांजनासकट खाली बसले.

काकूंनी आधी तुळशीचं पान मागितलं. पान वर ठेवलं की औषध होतं, हा त्यांचा हिशेब. फ्रान्सातल्या त्या मळ्याच्या, पुन्हा न आलेल्या सालाच्या वाइनवर आमच्या अंगणातली तुळस तरंगायला लागली. आबदारसाहेबांनी नुसती मान हलवली. मी काकूंना मागून आधार दिला, त्यांनी चमचा ओठाला लावला.

काकूंचं तोंड असं वाकडं झालं! "अगं बाई गं! तुरट! शाई प्यायल्यासारखी! यापायी मी इतकी वर्षं चोरपावलांनी चालले?" जरा ठसका गेला, दम घेतला आणि म्हणाल्या, "थोडा गूळ घाला त्यात."

ज्यानं राजाला सोडा दिला नाही, साहेबाला बर्फ दिला नाही, त्या माणसाकडे मला बघवेना.

"किती?" आबदारसाहेबांनी विचारलं.

"सुपारीएवढा."

ते उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले. "सूनबाई, गूळ कुठे असतो आपल्याकडे?" जन्म त्या घरात गेला, पण स्वतःच्या स्वयंपाकघरातला गुळाचा डबा माहीत नव्हता. मी दाखवला. त्यांनी बोटांनी खडा फोडला, वाटीत टाकला, चमच्यानं विरघळेपर्यंत ढवळला, आणि सवयीनं वाटी निरांजनाच्या उजेडात धरून बघितली. काकूंनी वाटी संपवली. म्हणाल्या, "आता लागते माणसासारखी."

थोड्या वेळानं भिंतीकडे न वळता त्या म्हणाल्या, "काही आहे का गं, मऊसं?"

मी स्वयंपाकघरात पळाले. तांदूळ धुताना रडत होते आणि हसतही होते. मऊ भात, वर मेतकूट, तूप. चार घास गेले. माळव्यातल्या कुठल्याही राजाच्या पंगतीत इतका मोठा जेवणाचा सोहळा झाला नसेल, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

उघडलेली बाटली टिकत नाही. ती त्याच दिवशी संपवायची असते, हे आबदारसाहेबांना माहीत होतं. पण काकूंना रोज दोन चमचेच. रोज संध्याकाळी ते बाटली हुंगत आणि सांगत, "आज थोडी उतरली." दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. त्या आवाजात दुःख म्हणून नव्हतं. ती उतरत होती आणि काकू चढत होत्या. आधी उशीला टेकून बसल्या, मग पलंगाखाली पाय सोडले, मग एक दिवस आतून हाक आली, "फोडणी जाळलीस का गं? नाकात धूर गेला माझ्या!" आबदारसाहेब एवढ्या जोरात हसले, की स्वतःच दचकून त्यांनी घडवंचीकडे बघितलं. तिथे कुणीच निजलेलं नव्हतं. मग आणखी जोरात हसले.

घराला तेव्हापासून आवाज फुटला. मी खलबत्ता वर नेला. पहिल्या दिवशी चटणी हळूच कुटत होते, तर खालून काकू ओरडल्या, "जोरात कूट की, हात मोडलेत का?" ह्यांनी ग्वाल्हेरहून आल्यावर दोन-दोन पायऱ्या चढत जिना वाजवला आणि आपणच घाबरून वर थांबले. मी म्हटलं, या, या, आता टाचासुद्धा आपटल्यात तरी चालेल. दूधवाल्याला मी सांगितलं, "जिन्न गेला भिया." तो म्हणाला, "कठे गयो?" मी काकूंकडे बोट दाखवलं. काकू अंगणात उन्हात बसून तांदूळ निवडत होत्या.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची एक संध्याकाळ, बाटलीतली शेवटची. तळाशी जरासं उरलेलं, गाळासकट, आंबट वास यायला लागलेलं. काकूंनी सवयीनं तुळस टाकली, गूळ टाकला, वाटीतलं अर्धं घेतलं आणि थांबल्या.

"तुम्ही नाही घेतलीत."

"मला शपथ आहे," आबदारसाहेब म्हणाले.

"सासूबाईंनी दारूची घातली होती. ही दारू कुठे राहिली? तुळस पडली, गूळ पडला, आणि माझं उष्टं आहे. औषध झालं की आता. हात पुढे करा."

मग उपरणं सावरून त्यांनी उजवा तळहात खोलगट करून पुढे धरला, देवळात तीर्थाला धरतात तसा. काकूंनी वाटीतलं उरलेलं त्यात ओतलं. त्यांनी ते प्यायलं, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

डोळे मिटलेले. मी आणि काकू बघतोय. मला तो फ्रेंच जवाहिऱ्या आठवला, आणि मटारची शेंग हातात धरून विचारलेला तो प्रश्न. खोलीत निरांजनाखेरीज काही हलत नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले आणि काकूंना म्हणाले, "गूळ हवाच होता."